इंडियाबायोसायन्सवरच्या नोकऱ्या: माझा अनुभव

सकाळी इन्क्युबेटरमधल्या पेशींचा मीडिया (त्यांना वाढवणारं पोषक द्रावण) बदलून झाला की चहा घेत मी इंडियाबायोसायन्स या जीवशास्त्र संशोधकांसाठीच्या वेबसाइटवरच्या नोकऱ्या बघते. प्रोजेक्ट असोसिएटपासून असिस्टंट प्रोफेसरपर्यंत सगळं एकाच ठिकाणी. पूर्वी पुण्याच्या एनसीसीएसची (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), प्रत्येकाची साइट वेगळी उघडून बसायचे. एका संस्थेत तर रात्रभर एसटीने मुलाखतीला गेले आणि दारात कळलं, जागा आधीच भरलीय! तेव्हापासून मूळ जाहिरात, शेवटची तारीख, वयाची अट संस्थेच्या साइटवर ताडून बघते, फोनही करते. तुम्हीही कराच. स्वतःची लॅब उभी करायची असेल, तर इंडियाबायोसायन्सच्या 2009 पासूनच्या यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंगवर (तरुण संशोधकांच्या मेळाव्यावर) लक्ष ठेवा. पेशीशास्त्रातल्या कायम जागा मात्र फार थोड्या दिसतात, त्याचं मनापासून वाईट वाटतं.