पीटी-109 च्या ‘मूळ’ प्लॅनमध्ये मी कसा फसलो

बोटीचं लाकडी मॉडेल करत होतो. सहाव्या फ्रेमपाशी, म्हणजे सांगाड्याच्या सहाव्या आडव्या फासळीपाशी पट्टी बसेना, तेव्हा मला वाटलं लाकूडच वाकडं आहे. दुसरी पट्टी घेतली, पाण्यात भिजवून मऊ केली, चिमटे लावून रात्रभर ठेवली. सकाळी बघतो तर फुगवटा तिथेच. पाचव्या फ्रेमला पट्टी टेकत नव्हती आणि सहावीवर ताणली जात होती. माझं कापणं चुकलं असेल म्हणून सहावी फ्रेम काढून प्लॅनवर ठेवली. रेषेला रेष जुळली. कापलं बरोबरच होतं, पण ज्यावरून कापलं तो प्लॅनच खोटा होता. तोवर चार महिने गेले होते.

बोट होती अमेरिकन नौदलाची पीटी-109, दुसऱ्या महायुद्धातली टॉर्पेडो बोट. जॉन केनेडी तिचे कमांडिंग ऑफिसर असताना 2 ऑगस्ट 1943 रोजी पहाटेच्या अंधारात, सॉलोमन बेटांजवळ ‘आमागिरी’ या जपानी विनाशिकेने धडक देऊन तिचे दोन तुकडे केले. न्यू जर्सीतल्या बेयॉन इथे एल्को कंपनीने बांधलेली ही 80 फुटी बोट. तीन पॅकार्ड पेट्रोल इंजिनं, आणि हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, महोगनीच्या फळ्यांचे दोन थर. मला ती 1:24 मध्ये करायची होती, म्हणजे बरोबर 40 इंच, आणि पाण्यात चालणारी. एवढ्या मोठ्या मॉडेलमध्ये हलचा आकार चुकला तर वरच्या तोफा कितीही सुबक करा, ती पीटी बोट वाटतच नाही.

म्हणून प्लॅन चांगलाच घ्यायचा असं ठरवलं होतं. एका विक्रेत्याकडे ‘कारखान्यातल्या मूळ ड्रॉइंगवरून’ असा सात शीटचा संच होता, सोबत ‘दुर्मिळ’ फोटो. नमुना म्हणून त्याने फक्त टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट दाखवली: शिक्का, सही, 1942 ची तारीख. मी ड्रॉइंग नंबर विचारला. “नौदलाची गोपनीय कागदपत्रं आहेत, नंबर देता येत नाही,” असं उत्तर आलं, आणि पाठोपाठ “शेवटचे दोनच संच उरलेत.” पैसे त्याने थेट खात्यावर मागितले आणि मी ते पाठवले.

गोपनीय वगैरे काही नसतं, हे मला तेव्हा माहीत हवं होतं. त्या काळच्या ब्युरो ऑफ शिप्सचे, म्हणजे अमेरिकन नौदलाच्या जहाजबांधणी विभागाचे कागद अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये रेकॉर्ड ग्रुप 19 खाली ठेवलेले आहेत आणि ते कोणालाही मागता येतात. खऱ्या ड्रॉइंगला नंबर असतोच, आणि ज्याच्याकडे ते खरंच आहे त्याला तो लपवायचं काही कारण नाही.

मॉडेलच्या कामात माझ्याहून बरेच जुने असलेले एक काका आहेत. त्यांच्यापुढे शीट पसरली तर त्यांचा पहिला प्रश्न: “अरे, कापायच्या आधी डिव्हायडर लावला होतास का?” नव्हता लावला. त्यांनी डिव्हायडरचं एक टोक बॉडी प्लॅनच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या आकृतीच्या मध्यरेषेवर टेकवलं, दुसरं सहाव्या स्टेशनच्या, म्हणजे सहाव्या फ्रेमच्या जागेच्या, डेकच्या कडेवर. 13.1 सेंटीमीटर. तसाच उचलून वरून दिसणाऱ्या आकृतीत सहाव्या स्टेशनवर ठेवला. टोक रेषेच्या बाहेर पडलं. तिथे अंतर होतं 12.3. आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे खऱ्या बोटीवर 19 सेंटीमीटर! काका काही बोलले नाहीत, डिव्हायडर तसाच तिथे उभा धरून ठेवला.

लाइन्स प्लॅनमध्ये, म्हणजे हलचा आकार दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, हलचा प्रत्येक बिंदू निदान दोन आकृत्यांत येतो. बाजूने, वरून आणि समोरून अशी तीन दृश्यं एकाच बोटीची असतात, त्यामुळे एकातलं माप दुसऱ्यात मिळालंच पाहिजे. अस्सल प्लॅनमध्ये चूक रेषेच्या जाडीएवढी निघते. माझ्या संचात वरून दिसणारी आकृती कुठल्यातरी छोट्या चित्रावरून मोठी केलेली होती. लांबी ओढून 40 इंच बरोबर केली होती, रुंदी मात्र त्या प्रमाणात वाढली नव्हती. एल्कोची रुंदी 20 फूट 8 इंच, 1:24 मध्ये 26.2 सेंटीमीटर भरायला हवी, इथे 24.6 भरत होती. आणि फ्रेमच्या आकृत्या दुसरीकडून आणून चिकटवलेल्या. मी सुरुवातीला फक्त लांबी मोजली आणि निश्चिंत झालो. दोन्ही दिशांनी मोजा, कृपा करून.

रेषाही बघा. मूळ ड्रॉइंगची रेष बारीक आणि कडक असते. माझ्या शीटवर ती जवळजवळ एक मिलिमीटर जाड होती, कडा पिसारल्यासारख्या. मोठं केलेल्या छपाईची ती खूण.

डेकवर तर सरळ खोटेपणा होता. पीटी-109 वर शेवटपर्यंत टॉर्पेडोच्या चार नळ्या होत्या आणि रडार नव्हतं. माझ्या शीटवर नळ्यांऐवजी मार्क 13 टॉर्पेडोचे उघडे रॅक आणि डोलकाठीवर रडारचा घुमट काढला होता, म्हणजे युद्धाच्या उत्तरार्धातली बोट. अमेरिकेत फॉल रिव्हर इथे जतन केलेली पीटी-617 ही 80 फुटी एल्कोच, पण ती 1945 ची. एकाच प्रकारच्या बोटींवरची सामग्री तीन वर्षांत इतकी बदलली, की बोटीचा नंबर आणि साल नसलेला प्लॅन घेण्यात अर्थ नाही. ‘दुर्मिळ’ फोटोंपैकी एक होता ऑगस्ट 1942 मध्ये ‘जोसेफ स्टँटन’ या मालवाहू जहाजाच्या डेकवर चढवलेल्या पीटी-109 चा. तो अमेरिकन सरकारी संग्रहातला, सगळ्यांना फुकट मिळणारा फोटो आहे. उरलेल्यांत काही तर हिगिन्स या दुसऱ्या कंपनीच्या 78 फुटी बोटींचे, जिथे मशीनगनचे दोन्ही टरेट (फिरते बुरूज) शेजारी शेजारी असतात. एल्कोवर ते तिरके, एक पुढे उजवीकडे आणि एक मागे डावीकडे.

पैसे परत मागितले तर “फाइल एकदा पाठवली की परत घेत नाही” एवढं उत्तर आलं. त्यानंतर काहीच नाही. पैशांचं दुःख ओसरलं, पण चौदा फ्रेम फाइन प्लायमधून एकेक करून मी हाताने कापल्या होत्या. त्या फेकताना खूप वाईट वाटलं. आता नवा प्लॅन आला की आधी जाड पुठ्ठ्याच्या फ्रेम कापतो, कण्यावर उभ्या करतो आणि पट्टी वाकवून बघतो. लाकडाला त्यानंतरच हात लावतो.

तोच संच वेगळ्या नावाने पुन्हा विकायला आलेला मी नुकताच पाहिला, टायटल ब्लॉकही बदललेला. ओळखायचा असेल तर डेकच्या आकृतीत नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे बघा. मध्यरेषेच्या उजवीकडे एक काळा ठिपका आहे, मोहरीएवढा. दोर बांधायची कडी असेल असं समजून मी ती पितळेची घडवून बसवली होती. ती कडी कुठल्याच फोटोत नाही. जुन्या छपाईतला तो शाईचा डाग आहे, आणि प्रत्येक प्रतीत तो तसाच उतरला आहे.