सव्वीस खणांचे कपाट: कॅम्पातल्या एका श्रवणकक्षाविषयी

पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, इंग्रजी पॉप आणि रॉक गाण्यांच्या तबकड्या निवांत बसून ऐकण्याची सोय आहे. तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव देत नाही. तासाला दोनशे रुपये घेतात, चहाचे वेगळे. तिथली पाहण्यासारखी वस्तू म्हणजे वाचनालयात पूर्वी असे तसले कार्डांचे लाकडी कपाट. इंग्रजी अक्षरांचे सव्वीस खण, आणि प्रत्येक कार्डावर गाण्याचे शीर्षक, कलाकार, वर्ष व मांडणीतला क्रमांक. कलाकाराच्या नावाने शोधण्याची सोयच नाही. शीर्षक आठवत नसेल तर खण ओढून कार्डे चाळत बसावे लागते, आणि माझ्या मते या जागेचा खरा गुण तोच आहे.

मी ‘बी’चा खण उघडला तो क्वीन या बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’साठी. ते गाणे १९७५ चे, आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला असल्यामुळे आपल्याकडे त्याच्याविषयी थोडी घरोब्याची भावना असते. पण त्या कार्डापर्यंत पोचण्याआधीच ‘बाबा ओ’रायली’ असे कार्ड हाती आले आणि ‘बाबा’ या शब्दावर मी थबकलो. द हू या बँडचे १९७१ चे हे गाणे. बँडचा गिटारवादक आणि या गाण्याचा कर्ता पीट टाउनशेंड याने त्याच्या शीर्षकात आपले गुरू मेहेरबाबा आणि अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांची नावे जोडली आहेत. मेहेरबाबांचा जन्म १८९४ साली पुण्यात झाला, ते डेक्कन कॉलेजात शिकले, आणि तरुणपणी ज्यांच्याकडे ते ओढले गेले त्या हजरत बाबाजानांचा दर्गा याच कॅम्पात आहे. इतकी वर्षे त्या दर्ग्यावरून ये-जा करूनही या गाण्याशी त्याचा धागा जुळतो हे मला ठाऊक नव्हते. सुई टेकताच ऑर्गनच्या सुरांचे एक फिरते चक्र सुरू होते, मग पियानो आणि ढोल त्यावर येऊन आदळतात, आणि शेवटी व्हायोलिन अशी लय वाढवत नेते की बाकीच्यांची दमछाक व्हावी. शीर्षकातले शब्द मात्र गाण्यात एकदाही येत नाहीत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चेही तसेच. म्हणजे नुसते ऐकून ही गाणी पाठ असलेला माणूस या कपाटासमोर अडाणीच ठरतो. मोबाइलवरचे अ‍ॅप आपल्या आवडीशी मिळतेजुळते तेवढेच पुढे करते. इथे शेजार ठरवते ते केवळ वर्णक्रमाने.

आता दोष. कार्डे लावण्याचा नियम एक नाही. ‘द’ने सुरू होणारी काही शीर्षके ‘टी’मध्ये आहेत, तर काहींचा ‘द’ वगळून ती पुढच्या शब्दाच्या खणात गेली आहेत. रोलिंग स्टोन्सच्या १९६५ च्या ‘सॅटिस्फॅक्शन’च्या अधिकृत शीर्षकात आधी कंसातले ‘आय कान्ट गेट नो’ हे शब्द येतात, त्यामुळे त्याचे एक कार्ड ‘आय’मध्ये आणि दुसरे ‘एस’मध्ये आहे. बॉब डिलनचे ‘नॉकिन ऑन हेवन्स डोअर’ माझी भाची बराच वेळ ‘एन’मध्ये शोधत होती. उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो मुका ‘के’ सुचणार कसा? यात दुकानाचा दोष नाही, हे मान्य. पण क्रॅनबेरीजच्या १९९४ च्या ‘झोंबी’ची तबकडी कार्डावरच्या जागी नव्हती, ती शोधण्यात माझ्या तासातली वीस मिनिटे गेली, आणि पैसे मात्र पूर्ण तासाचे घेतले गेले, हे खटकले. मालककाकांना तसे सांगितल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त करून एक चहा पाजला. हिशोब काही बदलला नाही.

रविवारी संध्याकाळी गर्दी असते आणि दुसऱ्याच्या पसंतीचे ऐकावे लागते, म्हणून कामाच्या दिवशी दुपारी जावे आणि कार्डे चाळण्याचे काम तास सुरू होण्यापूर्वीच उरकून घ्यावे. तेवढ्याला ते पैसे लावत नाहीत. पुढच्या खेपेसाठी मी ‘क्यू’चा खण पाहून ठेवला आहे. त्यात मोजून चार कार्डे आहेत.