अजिंठ्याचं छत पांघरुणावर: अखंड विणावं की चौकोन जोडावेत?

माझ्या दोन्ही भाच्यांना मी लग्नात हाताने केलेलं पांघरूण दिलं. दोन्हींवर अजिंठ्याचं छत. मोठीचं सुयांवर अखंड विणलं, धाकटीचं क्रोशाचे चौकोन जोडून केलं. दोन्ही सुती दोऱ्यात, कारण आमच्या जळगावकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पारा 43-44 ला टेकतो. लोकर बघवतसुद्धा नाही.

देखणेपणात अखंड विणलेलं पुढे, हे आधीच मान्य करते. 2 क्रमांकाच्या लेण्यात छतावर हंसांचं वर्तुळ आहे. त्या हंसांच्या वळलेल्या माना सुयांवर जशा उतरतात तशा क्रोशावर मला जमल्या नाहीत. अंगावरही मऊ पडतं. नमुना काढताना मात्र जपा. सुलट टाका उंचीला कमी, रुंदीला जास्त असतो, त्यामुळे साध्या चौकटीच्या कागदावरचं वर्तुळ विणल्यावर चपटं होतं. माझ्या दोऱ्याला 20 टाक्यांच्या रुंदीइतकी उंची भरायला 28 ओळी लागल्या.

पण मागची बाजू! दोन रंग बरोबर घेऊन विणलं की रिकामा दोरा मागून धावतो. मी दर चार टाक्यांनी तो अडकवून घेतला होता. तरी महिन्याभरात भाचीचा फोन, "मावशी, जोडवी अडकली गं त्यात." झोपेत पाय ओढला गेला आणि वरच्या हंसाची मान आखडून बसली. एकेक टाका सुईच्या टोकाने सैल करण्यात माझी दुपार गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अस्तर लावलं तर पांघरूण जड आणि उबट झालं, ते कपाटातच राहिलं. नव्या नवरीच्या पायात जोडवी असणारच. तिने पांघरावं म्हणून केलेली वस्तू तिने जपून ठेवावी, हे मला फार लागलं.

क्रोशाच्या चौकोनात फेरीला रंग बदलतो, मागे धावता दोरा उरतच नाही. साखळीचं कडं, भोवती खांबांच्या (क्रोशाच्या उंच टाक्यांच्या) पाकळ्या, मग चार कोपरे. शिवाय 1 क्रमांकाच्या लेण्याचं छत मुळातच चौकटींत विभागलेलं आहे. कमळं, फळं, पक्षी आपापल्या घरात. गेरूचा तांबडा, पिवळी माती, काजळीचा काळा हे रंग भरपूर घेतले. तिथला निळा दूरदेशीच्या लाजवर्द दगडाचा, म्हणून तो मी नऊच चौकोनांत ठेवला.

कटकट इथेही आहे. आठ इंची 63 चौकोन, प्रत्येकात तीन रंग, म्हणजे 378 टोकं लपवायची. दोराही जास्त लागतो. तरी चौकोन पिशवीत मावतो, भुसावळच्या गाडीत बसल्या बसल्या होतो, आणि एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

तुमच्या घरचं लग्न आखाजीला असेल तर दिवाळी झाली की बसा. आठवड्याला तीन चौकोन धरले तर 21 आठवडे होतात. जोडणीला मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड टाका घ्या.