शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स मिंट: ‘ऱ्या’, प्रिंटर आणि एएमसीवाला

दोन कीबोर्ड बदलायला बोलावलेल्या एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल करारवाल्यांच्या, पोराने जाता जाता लॅबमधली लिनक्स मिंटवर चालणारी तीन मशीन फॉरमॅट मारून त्यांवर विंडोज टाकून दिलं. न विचारता. वर मलाच सांगतो, “सर, काहीतरी भलतंच पडलेलं होतं त्याच्यात. मी सगळं नॉर्मल करून दिलं, आता टेन्शन नाही.” नॉर्मल म्हणजे काय, तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘ॲक्टिव्हेट विंडोज’. आठवीच्या मुलांचे प्रोजेक्ट गेले ते वेगळंच. फोन केला तर त्याचे साहेब म्हणाले, मुलगा नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलाय, नंतर बोलतो. नंतर काही ते बोलले नाहीत.

तेव्हा हे राग असतानाच लिहून काढतो. शाळांनी लिनक्स वापरावं का, यावर ज्ञान देणारे पुष्कळ आहेत. वापरून झाल्यावर लिहिणारे कमी.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मिंट, उबुंटू हे तिचे प्रकार. त्याहून खोलात जात नाही. आमची शाळा नाशिकच्या पंचवटीकडची, अनुदानित. संगणकाचं वेगळं पद नाही. मी गणित शिकवतो आणि लॅबची किल्ली माझ्याकडे असते. मशीनं अंबडच्या एका कारखान्याने बदलून टाकलेली: चौथ्या पिढीचे आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क कण्हणाऱ्या. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे आधीपासून जाहीर होतं, आणि ११ ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे आमची लॅब कागदोपत्री भंगारात निघाली होती. नव्या मशीनचं कोटेशन कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून आणलं. मुख्याध्यापक सरांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. तो कागद पुन्हा कुणी पाहिलेला नाही. वेतनेतर अनुदानातून वीजबिल वेळेवर भरलं गेलं तरी आमच्याकडे पेढे वाटायची पद्धत आहे.

मग जूनमध्ये माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क) घेतल्या आणि मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. वेगाबद्दल एका ओळीत: मशीन सुरू होईपर्यंत पूर्वी हजेरी घेऊन व्हायची, आता होत नाही. त्यातला निम्मा गुण एसएसडीचा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आता खरा मुद्दा. शाळेत कुठलं सॉफ्टवेअर टिकणार हे किंमत, रॅम, सॉफ्टवेअरचं स्वातंत्र्य यांवर ठरत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द नीट छापून येतो का, यावर ठरतं. हसू नका. आमच्या मराठीच्या बाईंनी पहिल्याच चाचणीची प्रश्नपत्रिका परत पाठवली, कारण तीत ‘दुसर्या’ होतं, या वर रफार चढवलेलं. “सर, हे मी मुलांपुढे ठेवणार नाही. मग मीच कुठल्या तोंडाने त्यांचं शुद्धलेखन तपासू?” बाईंचं शंभर टक्के बरोबर होतं.

झालं असं होतं की आमचे भाऊसाहेब, म्हणजे ऑफिसातले कारकून, वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका टाइप करतात त्या जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड ही सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत येण्याच्या आधीच्या, आणि रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्ड-मांडणीवर. बोटं अशी चालतात की बघत राहावं. पण ती फाइल फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मराठीचा पत्ताच नाही, सगळी एबीसीडीची खिचडी. हा लिनक्सचा दोष नव्हे, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच होतं. पण शाळेत कारण कुणी विचारत नाही. “पूर्वी दिसत होतं, आता दिसत नाही,” एवढंच सगळे बोलतात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात. ते नव्वद टक्के काम करतात आणि नेमके ‘ऱ्या’ला आपटतात. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘बिचाऱ्या’, सगळे बिचारेच.

यावर उपाय निघाला तो इन्स्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या कीबोर्ड-मांडणीचा. हा लेआउट सरकारने १९८६ मध्येच प्रमाण ठरवलाय आणि लिनक्समध्ये तो आयता असतो. कीबोर्डच्या यादीतून निवडायचा, की झालं. त्यात ‘दुसऱ्या’ असं येतं: ओ, जी, एम, मग शिफ्ट धरून जे, मग डी, स्लॅश, ई. शिफ्ट-जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, डी म्हणजे हलन्त, स्लॅश म्हणजे य. एवढं कळलं की ‘ऱ्या’ आयुष्यात चुकत नाही. मी तक्ता छापून, लॅमिनेट करून प्रत्येक मॉनिटरखाली चिकटवला. आठवीची मुलं दिवाळीच्या आत न बघता टाइप करायला लागली. भाऊसाहेबांना रेमिंग्टनही देता येतो, वेगळं पॅकेज टाकून, तो त्यांना दिला. त्यांनी तो वापरला नाही, तो भाग वेगळा.

फॉन्टचं राहिलं. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची खूण करा आणि भाषा मराठी निवडा. हिंदी ठेवू नका. नोटोसारख्या फॉन्टमध्ये भाषा मराठी केली की ‘शाळा’तला श आणि ‘लाल’मधले ल मराठी वळणाचे येतात, हिंदी ठेवलीत तर हिंदीच्या वळणाचे. हे मी बाईंना शेजारी-शेजारी छापून दाखवलं. बाईंनी चष्मा काढला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, “हा आपला श आहे.” त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये लिनक्सची बाजू घेणारं मी सोडून आणखी एक माणूस आहे.

प्रिंटरबद्दल मात्र चांगलं काही सुचत नाही. आमच्याकडे तो बुटका लेझर आहे, जो गावातल्या निम्म्या झेरॉक्सवाल्यांकडे असतो. मॉडेल ओळखलंच असेल. मजबूत आहे, टोनर स्वस्तात भरून मिळतो, आणि लिनक्सवर त्याचा ड्रायव्हर म्हणजे नवस बोलण्याचा प्रकार. एक दिवस छापतो, दुसऱ्या दिवशी रांगेत कागद अडकल्यासारखा गप्प. रविवार घालवले, फोरम पालथे घातले, पोर्तुगीजमधल्या सूचनासुद्धा भाषांतर करून वाचल्या. नवा प्रिंटर घेण्याचं नाव काढलं की मुख्याध्यापक सरांचा हात आपोआप त्या खिशाकडे जातो.

इथपर्यंत दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं. मध्ये स्नेहसंमेलन झालं, दहावीची पूर्वपरीक्षा झाली, आणि प्रिंटरबाबत मत थोडं बदललंय. थेट छापायचा नाद सोडला. आता प्रत्येकाने पीडीएफ करायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि ऑफिसातल्या भाऊसाहेबांच्या विंडोजवरून काढायची. ऐकायला मागासलेपण वाटतं. पण त्यामुळे दोन जुनी भांडणं मिटली. एक, भूमितीची आकृती दुसऱ्या मशीनवर उघडली की तिसऱ्याच पानावर जायची, ते थांबलं. दोन, छपाईच्या आदल्या रात्री कुणीतरी फाइलमध्ये ‘फक्त एक शब्द’ बदलायचं, तेही थांबलं. आणि तिसरं आपोआप झालं. ऑफिसच्या मशीनमधून येणाऱ्या पेन ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर लपवून त्यांचे शॉर्टकट करून ठेवणारा व्हायरस असायचाच. लॅबमध्ये तो पेन ड्राइव्ह लावला की मूळ फोल्डर आणि ते शॉर्टकट शेजारी-शेजारी उघडे दिसतात, आणि शॉर्टकट काही करत नाहीत. सातवीतल्या एका मुलीने ते सगळे निवडून डिलीट केले आणि मला विचारलं, “सर, हे कुणी ठेवलं होतं?”

मुलांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण मुलांना काहीच अडलं नाही. अडलं ते स्टाफला. ‘वर्ड कुठंय?’ हा प्रश्न अजून येतो. अनपेक्षित आनंद दिला तो व्हेयॉन या वर्गातले संगणक एका जागेवरून सांभाळायच्या सॉफ्टवेअरने. माझ्या मशीनवरून सगळ्यांचे पडदे दिसतात आणि एका बटणावर कुलूप लागतं. पूर्वी याचंच आयटॅल्क हे नाव होतं. बसवायला कटकट आहे, ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांच्या (‘की’) फाइली मशीनमशीनवर न्याव्या लागतात. पण चाळीस मुलांच्या गलक्यात एकदम सगळे पडदे बंद होतात आणि सगळी तोंडं फळ्याकडे वळतात, हे गणिताच्या शिक्षकाने एकदा अनुभवावंच.

लिनक्सचा विषय निघाला की लोक केरळचं नाव काढतात. काढावंच, पण पूर्ण सांगावं. तिथे ‘आयटी ॲट स्कूल’ हा सरकारी शाळाप्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, पुढे सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर गेलं, २०१७ मध्ये त्याची ‘काईट’ ही कंपनी झाली. २०१९ मध्ये उबुंटूवर बेतलेली नवी आवृत्ती दोन लाख मशीनवर द्यायची ठरली, तेव्हा तीन हजार कोटी वाचल्याचं सांगितलं गेलं. भागाकार केला तर मशीनमागे दीड लाख! मला हा आकडा पटत नाही. इतकं महागडं सॉफ्टवेअर कुठल्या शाळेने घेतलं असतं? पण आकडा सोडा. केरळात दहावीची आयटीची परीक्षाच मुक्त सॉफ्टवेअरवर घेतात, आणि शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण दिलं. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे यूट्यूब, आणि दुरुस्ती म्हणजे मी आणि माझा पेन ड्राइव्ह.

आणि फॉरमॅट मारणं हा काही नाशिकचा शोध नाही. २००७ मध्ये नायजेरियाच्या शाळांसाठी इंटेलच्या सतरा हजार ‘क्लासमेट’ लॅपटॉपवर मँड्रिव्हा लिनक्स द्यायचं ठरलं होतं. मग कळलं की लॅपटॉप पोचल्यावर ते काढून विंडोज टाकणार. मँड्रिव्हा कंपनीच्या प्रमुखाने थेट मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या प्रमुखाला, स्टीव्ह बाल्मरला, जाहीर पत्र लिहिलं. मी एएमसीच्या साहेबांना व्हॉट्सॲप केलं, निळ्या खुणा आल्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने गरीब देशांच्या सरकारांना विद्यार्थ्यांसाठी विंडोज आणि ऑफिसचा संच तीन डॉलरला देऊ केला होता. त्यातलं विंडोज म्हणजे एक्सपी स्टार्टर, ज्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडत. आपल्या कर्जतजवळच्या एका खेड्यात तेव्हाच ते ‘शंभर डॉलरचे’ म्हणून गाजलेले हिरवे-पांढरे लिनक्सचे लॅपटॉप मुलांना दिले होते. पुढल्या वर्षी त्याच लॅपटॉपवर एक्सपी देण्याची घोषणा झाली. आता तर शाळांना गुगलचंही फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन ऑफिसही फुकट आहे. त्यामुळे ‘लिनक्स फुकट आहे’ हे सांगून स्टाफरूममध्ये कुणी ऐकत नाही. मी सांगतो, नेट गेलं तरी हे चालतं. आमचं नेट कुंभमेळ्याच्या कामांनी खोदलेल्या रस्त्याखालून येतं, ते समजून घ्या.

पालकांचा प्रश्न मात्र योग्य आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. “सर, एमएससीआयटीला हे चालतं का?” एमएससीआयटी म्हणजे राज्यातला संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम. महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या बऱ्याच फॉर्मना ते किंवा तसलं प्रमाणपत्र लागतं, आणि क्लासला शिकवतात विंडोज आणि एमएस ऑफिस. टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या बहुतेक पोरांना रेमिंग्टन हवा असतो, माझा इन्स्क्रिप्ट त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही. लिब्रेऑफिसवर शिकलेल्याला वर्डची सवय आठवड्यात होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्या पालकांचं घर त्या फॉर्मवर अवलंबून आहे, माझ्या निरीक्षणावर नाही. म्हणून दोन मशीनवर परवान्याचं विंडोज ठेवलंय, दहावीच्या मुलांना शनिवारी आळीपाळीने बसवतो. लिनक्सवाल्या मित्रांना हे आवडलं नाही. त्यांनी पालकसभेला यावं.

एएमसीचं शेवटी असं झालं: नूतनीकरणाच्या वेळी करारात एक ओळ हाताने लिहून घेतली, ‘लेखी परवानगीशिवाय कोणतेही मशीन फॉरमॅट करू नये’, खाली मुख्याध्यापक सरांची सही आणि शिक्का. एएमसीवाले म्हणाले, अशी ओळ कुणी घालत नाही. मी म्हटलं, तुम्ही घाला. बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड टाकला, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होणं बंद केलं. ती तीन मशीनं एका दुपारी पूर्ववत केली, मुलांचे प्रोजेक्ट काही परत आले नाहीत. आता प्रोजेक्ट माझ्या मशीनवरच साठवायला लावतो.

तुमच्या शाळेत करायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत करा, जूनमध्ये नाही. आधी मराठीच्या शिक्षकांना शेजारी बसवा, मग संगणक सुरू करा. प्रिंटर लिनक्सवर चालतो का ते विकत घेण्याआधी बघा, आमच्यासारखं नंतर नाही. भाऊसाहेबांचं मशीन शेवटी घ्या, किंवा घेऊच नका.

४ जीबी रॅम एक्सएफसीईला पुरते, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की मशीन हात टेकतं. कुणाच्या कपाटात डीडीआर३ रॅमचे ४ जीबीचे स्टिक धूळ खात पडले असतील तर शाळेला द्या. पैसे मिळणार नाहीत. कॅनडा कॉर्नरला चहा पाजीन, बिस्किटं तुमची तुम्ही घ्या.