रेड एंट्रीवाला डिस्चार्ज बदलून घेण्यासाठी शाहूपुरीतलं वकील ऑफिस, आमचा अडीच-तीन वर्षांचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, ऑफिसचं नाव लिहिणार नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी असते, आणि साहेबांनीच सांगितलं की ताई कौतुक करा पण नाव टाकू नका. शाहूपुरीत आहे, एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटं, दुसरा मजला. एक वकील साहेब आणि त्यांच्यासोबत रिटायर्ड सुभेदार साहेब, जे फौजेत क्लार्क होते. निम्मं काम त्या सुभेदार साहेबांचंच आहे हे माझं मत.

आता आमची केस काय ते सांगते म्हणजे रिव्ह्यू कळेल. आम्ही शिरोळ तालुक्यातले, घरटी एक तरी फौजी असलेलं गाव. सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आले. आमचे हे जून २००७ ला भरती झाले आणि फेब्रुवारी २०२१ ला घरी पाठवले. १३ वर्षं ८ महिने. जवानाला पेन्शनला १५ वर्षं लागतात, म्हणजे १६ महिने कमी पडले. कारण काय तर चार रेड एंट्री. कंडक्ट शीटवर लाल शाईने शिक्षा लिहिली जाते ती रेड एंट्री, आणि तशा चार झाल्या की 'अनडिझायरेबल सोल्जर' म्हणून आर्मी रूल १३ खाली नाव कापता येतं. चारपैकी तीन एंट्री सुट्टीवरून उशिरा हजर झाल्याच्या, ज्याला फौजेत ओएसएल म्हणतात, आणि एक सिनियरशी तोंड वाजवल्याची. ती तोंडाची चूक ह्यांचीच होती, हे पण मान्य करतात.

पण चौथी एंट्री २०१९ च्या महापुराची आहे ओ. ऑगस्टमध्ये हे सुट्टीवर घरी होते, कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीचं पाणी गावात, आम्ही बोटीतून बाहेर पडलो, पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद, लाईट नाही, मोबाईल बंद, सासूबाईंचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झालेले त्यांना पाठीवर घेऊन शाळेत न्यायचं, गुरं सोडून द्यायची, आणि त्यात ह्यांची सुट्टी ८ तारखेला संपत होती. ११ दिवस उशीर झाला. तिकडं पोचल्यावर सांगितलं तर ऐकून घेतलं पण शिक्षा झालीच आणि लाल शाईत लिहिली गेली.

घरी आल्यावर काय होतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच माहीत. पेन्शन नाही, कॅन्टीन नाही, ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी उपचार योजनेची, औषधं नाहीत. गैरवर्तनावरून काढलेल्याला माजी सैनिक धरतच नाहीत, सरकारी व्याख्याच तशी आहे, त्यामुळे बँकेत गार्डच्या नोकरीला गेले तर तिथंही माजी सैनिकाचं कार्ड मागतात ते नाही. गावात सगळे विचारायचे बोर्ड आउट झालास का, आणि हे हो म्हणून मान हलवायचे कारण बोर्ड आउट म्हणजे मेडिकल बोर्डानं अनफिट ठरवून घरी पाठवलेला, निदान आजारपण तरी. १५ ऑगस्टला पंचायतीसमोर माजी सैनिकांची रांग असते, त्यात हे दोन वर्षं गेले नाहीत, आणि हे नाहीत म्हणून सासरे पण गेले नाहीत. सासरे ह्यांना एक शब्द बोलले नाहीत कधी, पण सकाळी पारावर बसायला जायचे ते बंद झालं.

सुरुवातीला आम्ही एका दुसऱ्या माणसाकडं गेलो होतो. वकील नाही, एजंट म्हणा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला शंभर टक्के होतंय, दिल्लीत ओळख आहे, आणि ३५ हजार घेतले. दीड वर्षात त्यानं तीन अर्ज पाठवले, तिन्ही एकसारखेच, दयेचे. 'गरीब आहे, लहान मुलं आहेत, माफ करावं.' मी काही विचारलं की म्हणायचा वहिनी तुम्हाला नाही कळणार, भावजींना पाठवा. त्यानं एकदाही डिस्चार्जचे कागद मागितले नव्हते.

शाहूपुरीच्या ऑफिसात जानेवारी २०२३ ला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच, कागद कुठायत. आमच्याकडं होतं फक्त डिस्चार्ज बुक. सुभेदार साहेबांनी ते उघडून सगळ्यात आधी कुठलं पान बघितलं तर कॅरेक्टर काय लिहिलंय ते, आणि कुठल्या रूलखाली काढलंय ते. मग ह्यांना सरळ विचारलं, तू डिस्चार्ज आहेस की डिसमिस. ह्यांनाच नीट माहीत नव्हतं! तेव्हा त्यांनी समजावलं की डिस्चार्ज म्हणजे नोकरीतून मोकळं करणं आणि डिसमिस म्हणजे शिक्षा म्हणून काढून टाकणं, हे दोन वेगळे रस्ते आहेत. डिसमिस झालेल्याला १५ च्या वर वर्षं भरली असली तरी नियमानं पेन्शन नसते, राष्ट्रपतींच्या अधिकारात मिळाली तर मिळाली, आणि कोर्ट मार्शलमधून शिक्षा लागली असेल तर त्याविरुद्ध अपील करायचं असतं, ते कलमच वेगळं. आमच्यासारखा रूल १३ चा डिस्चार्ज असेल तर ऑर्डर काढताना पद्धत पाळली का ह्यावर भांडता येतं. आमच्या समोरच एक जण आले होते, १८ वर्षं नोकरी आणि डिसमिस, त्यांना साहेबांनी तोंडावर सांगितलं की तुमची केस कठीण आहे, फी घेऊन आशेला लावणार नाही, आधी कागद बघू. वाईट वाटलं त्यांच्याकडं बघून, पण त्याच दिवशी मला ह्या ऑफिसवर विश्वास बसला.

मग आरटीआय. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, कंडक्ट शीट, शो कॉज नोटीस म्हणजे 'तुला का काढू नये ते सांग' अशी नोटीस, तिला दिलेलं उत्तर, ब्रिगेड कमांडरची ऑर्डर आणि चौकशीचे कागद असं एकेक नाव घेऊन मागितलं. तीस दिवसांत आलं नाही मग पहिलं अपील केलं, त्यानंतर जाड पाकीट आलं. ते पाकीट उघडायला आम्ही दोघं गेलो होतो. नोटीस आणि ह्यांचं उत्तर दोन्ही एकाच तारखेचे, उत्तर चार ओळींचं, इंग्रजीत टाईप केलेलं, खाली ह्यांची सही. हे म्हणाले क्लार्कनं पुढं केलं आणि मी सही केली. आणि चौकशीचे कागद पाकिटात नव्हतेच, कारण चौकशी झालीच नव्हती.

इथं वकील साहेबांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलंय, कारण हे कळायला हवं होतं आम्हाला २०२१ लाच. आर्मी हेडक्वार्टरच्याच २८ डिसेंबर १९८८ च्या सूचना आहेत की चार रेड एंट्री झाल्या म्हणजे काढलंच पाहिजे असं बंधन नाही. आधी निष्पक्ष चौकशी करायची, जवानाला बाजू मांडू द्यायची, मग नोटीस. प्रत्येक एंट्री कशाची आहे ते बघायचं, किती वर्षं नोकरी झाली, कुठल्या अवघड ठिकाणी झाली ते बघायचं, आणि पेन्शन जवळ आलेल्याशी कठोर वागायचं नाही. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे ह्या जवानाच्या केसमध्ये हेच धरलं, चौकशी न करता नुसत्या एंट्री मोजून काढलेला डिस्चार्ज रद्द केला आणि पेन्शनला लागणाऱ्या वर्षांपर्यंत तो नोकरीत होता असं मानायला सांगितलं, मागचा पगार मात्र दिला नाही. साहेब हे मराठीत वाचून सांगत होते आणि आमचे हे खाली मान घालून ऐकत होते. 'पेन्शन जवळ आलेल्याशी' हे वाक्य त्यांनी परत एकदा वाचायला लावलं.

आमचा भाचा मोबाईलवर अमेरिकेचे व्हिडिओ बघून म्हणत होता की मामी तिकडं सरळ फॉर्म भरतात. ते मी साहेबांना विचारलं. तिकडं 'अदर दॅन ऑनरेबल' वगैरे शिक्के असतात आणि शिक्का वर चढवून मागायला डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड आहे, २९३ नंबरचा फॉर्म, १५ वर्षांच्या आत भरायचा. आपल्याकडं तसलं बोर्ड नाही. आपल्याकडं आधी फौजेकडंच पिटिशन करायचं, सहा महिन्यांत उत्तर आलं नाही तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या केसेसच्या खास कोर्टात, जायचं, आणि तिथं पण सहा महिन्यांची मुदत असते. उशीर झाला असेल तर का झाला त्याचा वेगळा अर्ज. एजंटपायी आमचा जो वेळ गेला त्याचा सगळा हिशोब त्या अर्जात तारखेवार लिहावा लागला.

कोल्हापूरला आता हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय म्हणून लोक विचारतात की इथंच करता येईल का. सुरुवात ट्रिब्युनललाच करावी लागते, आपल्याला मुंबई बेंच. ट्रिब्युनलचा निकाल विरुद्ध गेला तर हायकोर्टात रिट करता येतं, हे सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे इथलं बेंच उपयोगाचं आहे, पण दुसऱ्या पायरीला.

पिटिशन एप्रिल २०२३, उत्तर नाही, नोव्हेंबरला मुंबईत केस दाखल. ह्या काळात सुभेदार साहेबांनी एक काम सांगितलं जे मला कधी सुचलं नसतं. म्हणाले, ताई महापुराचा कागद आणा. तलाठ्याचा घराचा पंचनामा, ग्रामपंचायतीचा दाखला, शाळेत राहिलो त्याची नोंद, सासूबाईंचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. मी चार हेलपाटे घातले तहसीलला आणि सगळं गोळा केलं. तोपर्यंत मला वाटायचं मी नुसती ह्यांच्यासोबत जाते, त्या दिवसापासून फाईल माझ्याकडं आली. ऑफिसात पण काही विचारायचं तर मला फोन करायचे.

मुंबईच्या नऊ तारखा झाल्या. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी उतरायचं, काम झालं की त्याच रात्री परत. प्रत्येक तारखेला अशिलानं जायची गरज नसते, साहेबांनी सांगितलं होतं, पण हे गेलेच.

नोव्हेंबर २०२५ ला ऑर्डर झाली. डिस्चार्ज रद्द. जून २०२२ पर्यंत, म्हणजे १५ वर्षं पुरी होईपर्यंत, नोकरीत होते असं धरायचं आणि पुढं पेन्शन द्यायची, मधल्या काळाचा पगार नाही. पगार नाही ह्यावर एका पाहुण्यानं नाक मुरडलं, पण आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सासऱ्यांनी ऑर्डरची झेरॉक्स मागून घेतली, त्यांना इंग्रजी येत नाही, तरी चष्मा लावून ह्यांचा नंबर, रँक आणि नाव कुठं आहे ते शोधून बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गेले.

आता एक स्टार का कापला ते पण लिहिते. फी ६० हजार ठरली, तीन हप्त्यांत घेतली, त्याची पावती दिली, पण टायपिंग, झेरॉक्स, साहेबांच्या प्रवासाचा खर्च वेगळा आणि त्याची पावती नाही, मागितली तर मिळते पण मागावी लागते. दुसरं म्हणजे मुंबईची तारीख दोनदा आदल्या दिवशी संध्याकाळी कळवली, शिरोळ तालुक्यातून निघणाऱ्यानं काय करायचं? रिझर्व्हेशन मिळालं नाही, जनरल डब्यात उभं राहून गेले. आणि केसचं इंग्रजी पिटिशन सही घ्यायच्या आधी मराठीत सांगितलं नव्हतं. मी अडून बसले की न वाचता सही करूनच आमचं हे झालंय, तेव्हा साहेबांनी फाईल बाजूला ठेवली आणि दोन तास बसून पानंपान समजावलं. चूक लगेच मान्य केली हे त्यांचं चांगलं, पण पहिल्यांदाच करायला हवं होतं.

जाणार असाल तर डिस्चार्ज बुक ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स न्या, घरातला ट्रंक उघडून फौजेतून आलेली एकूण एक चिठ्ठी न्या, पाकिटासकट, कारण पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख पण उपयोगाला येते. कुणी कागद न बघता होतंय म्हणाला तर तिथून उठा. आणि जवान एकटा जाऊ देऊ नका, बायको आई कोण असेल ते सोबत जावा, कारण हे लोक स्वतःची चूक मोठी करून सांगतात आणि झालेला अन्याय सांगायचाच राहून जातो.

पेन्शन अजून सुरू नाही. स्पर्श ह्या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाईन सिस्टीमवर पीपीओ, म्हणजे पेन्शन सुरू करायची ऑर्डर, निघायचाय, ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी रेकॉर्ड ऑफिसला गेलीय, सुभेदार साहेब पाठपुरावा करतायत आणि त्याचे वेगळे पैसे घेतलेले नाहीत. सोमवारी परत जायचंय, बँकेच्या कागदावर ह्यांची एक सही राहिलीय. वाचून करतील.