गावच्या घरात डक्टवाला एसी की खोलीखोलीत स्प्लिट?

रत्नागिरी-मालवण पट्ट्यात नवीन घर बांधायला काढलं की अमेरिकेतला कोणीतरी भाऊ नाहीतर मेहुणा हमखास सांगतो, डक्ट (छताखालून खोलीखोलीत हवा नेणारी पत्र्याची मोठी नळी) टाकून घे, एकच मशीन, भिंतीवर काही लटकत नाही. तिकडच्या हिशोबाने त्याचं बरोबर आहे. तिकडे घर तापवायला गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस असते, तिच्यात बर्नर पेटतो, हीट एक्स्चेंजर (आतल्या जाळाने तापणारा धातूचा भाग) तापतो, ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम हवा डक्टमधून खोलीखोलीत जाते, मग रिटर्नच्या जाळीतून, फिल्टरमधून परत मशीनकडे. जळलेल्या गॅसचा धूर वेगळ्या नळीने बाहेर. घर पटकन तापतं आणि उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची हवा सोडता येते, म्हणजे एकदा केलेला खर्च दोन्ही मोसमांत कामी येतो. तोटे तिकडेही आहेतच, ब्लोअरचा आवाज, फिल्टर बदलत राहणं, आणि एनर्जी स्टारवाले (तिथल्या सरकारचा ऊर्जाबचतीचा कार्यक्रम) सांगतात की साधारण घरात डक्टमधली २० ते ३० टक्के हवा सांध्यांतून वाटेतच गळते.

आपल्याकडे पहाटेची थंडी गोधडीत भागते, त्यामुळे डक्ट फक्त गारव्यासाठी, आणि इथे खरा त्रास दमटपणाचा. फॉल्स सीलिंगच्या वर दमट हवा कोंडलेली असते, डक्टवरच्या इन्सुलेशनचा एखादा जोड जरी उघडा राहिला तरी त्या गार पत्र्यावर पाणी सुटतं, ते ठिबकून पीओपीवर आधी पिवळा डाग आणि मग कडेने काळी बुरशी. स्प्लिटची जाळी आपण काढून नळाखाली धुतो, डक्टच्या आत काय साचलंय ते दिसतच नाही.

दुसरं म्हणजे घरात राहतं कोण? चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मेमध्ये येणार, बाकी वर्षभर आईबाबा दोघंच, ते झोपणार एका खोलीत. साध्या डक्टमध्ये घरभर गारवा जातो, खोलीनुसार बंद-चालू करायचं तर मोटरवाले डॅम्पर (डक्टमधल्या हवा अडवणाऱ्या झडपा) लागतात, खर्च वाढतो. वर मोठं मशीन थोड्याच भागासाठी चाललं तर लगेच गार करून बंद पडतं, हवेतलं पाणी निघायला वेळच मिळत नाही, मग अंग गार पण चादर चिकट! हे स्प्लिटलाही लागू आहे, एक टनाने काम होत असेल तिथे दुकानदार म्हणतो म्हणून दोन टन घेऊ नका. आणि डक्टचा कॉम्प्रेसर गेला तर अख्खं घर उकडणार, तेही ऐन मेमध्ये.

स्प्लिटची अडचण बाहेरच्या युनिटची. जितक्या खोल्या तितकी युनिटं, सगळी खाऱ्या वाऱ्यात, आधी ब्रॅकेटचे स्क्रू गंजतात, मग कॉइलच्या पात्या. म्हणून कोटिंगवाली कॉपर कॉइल घ्या, युनिट समुद्राच्या तोंडावर नको, आणि मेन स्विच बंद करून अधूनमधून कॉइल साध्या पाण्याने धुवा.

होमस्टेचा मोठा हॉल असेल, वर स्लॅब आहे, रोजची माणसं आहेत, तर डक्ट नक्की विचारात घ्या, मोठ्या जागेत हवा सारखी पसरते. कौलारू घरात मात्र नकोच, आधी सीलिंग करा, नाहीतर कुठलाच एसी टिकाव धरणार नाही. राहत्या घराला मी स्प्लिटच सांगेन, तेही आधी आईबाबांच्या खोलीत एक. बाकी खोल्यांना प्लास्टरच्या आधीच जांभ्यात पाईपची भोकं आणि ड्रेनचा उतार करून ठेवा, नंतर भिंत फोडायला लागते.