तारपा घेऊन कुठं राहावं: स्टुडिओत की पाड्यावर?

वाळवंड्याच्या तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ची पद्मश्री जाहीर झाली आणि जव्हारकडच्या पोरांना तारप्याची, आपल्या या फुंकून वाजवायच्या वाद्याची, एकदम आठवण आली. चांगलंच झालं. गेल्या महिन्यात दोघं जण माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन आले. दादा, शहरातल्या स्टुडिओत रेसिडेन्सी (तिथंच राहून वाजवायची संधी) मिळतेय, ती घ्यावी का गुरू-शिष्य योजनेत बसावं? मी दोन्ही करून बसलोय, म्हणून सांगतो.

स्टुडिओत मी तीन आठवडे होतो. राहणं-खाणं त्यांचं, मानधन बरं, शेवटी एक कार्यक्रम. माणसं वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. एक संताळ मुलगा बनाम, म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, घेऊन आला होता. रात्री गच्चीवर आम्ही एकमेकांना वाजवून दाखवायचो. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची, आणि दिवसभरात स्टुडिओत झालं नाही ते तिथं व्हायचं. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग आजही आईच्या फोनवर आहे. लोकांपर्यंत पोचायचं असेल तर हा रस्ता जवळचा, यात वाद नाही.

पण एसी.

डिसेंबर होता, तरी खोलीत एसी चालू. पंखा लावला तर आवाज माइकात येतो, आणि यंत्रं गार ठेवावी लागतात, असं सांगितलं. तारपा म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचं तोंड, आणि हे सगळं धरून ठेवतं ते मेण. त्या गारठ्यात मेण कडक व्हायचं, सांध्यातून वारा निसटायचा. आतली बांबूची जिभळी कोरडी पडली की सूर चिरकायचा. मग मी तारपा उचलून बाहेर उन्हात जायचो, बोटानं मेण दाबायचो, परत आत. दहा मिनिटं वाजवलं की पुन्हा तेच. ‘कुठल्या पट्टीत आहे?’ असंही विचारायचे. भोपळ्याच्या पट्टीत, दुसरं काय सांगणार? ते मी हसून सोडून दिलं. एसीचं हसू येईना. तीन आठवड्यांत कामाचं असं अकरा मिनिटं वाजवणं हाती लागलं. दुसऱ्या कुणाचा तारपा कदाचित जास्त तग धरत असेल. माझ्या तारप्याला ती खोली मानवली नाही.

आता दुसरी बाजू. सांस्कृतिक केंद्रांच्या गुरू-शिष्य योजनेत सहा महिने ते वर्षभर गुरूकडे शिकायचं. पैसे बेताचेच. मी होतो तेव्हा गुरूला महिना ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५००. या पंधराशेत घर चालत नाही, त्यामुळे लग्न झालेल्यानं आधी घरी बोलून घ्यावं. वय १८ ते २५ असेल तर संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्तीही बघून ठेवा. ती महिना ५,००० रुपये, दोन वर्षं मिळते, आणि त्यात लोककलांचाही गट आहे.

मी माझ्या गुरूंकडे, मामांकडे, जूनमध्ये गेलो. (नात्यानं मामा नव्हेत, पाड्यावर सगळेच म्हणतात.) पहिले तीन महिने त्यांनी मला तारप्याला हात लावू दिला नाही. पावसात तारपा वाजवत नाहीत. तो चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. मी आवणीला गेलो, चिखल तुडवला, आणि मांडवाला भोपळ्याचा वेल चढवला. फुंकायला मिळालं ते पपईच्या देठातून, तांब्यातल्या पाण्यात. बुडबुडे थांबले की मामा मान हलवायचे. नाकानं श्वास घेताना गालातला वारा सुटू द्यायचा नाही, एवढंच शिकायला श्रावण संपला. तेव्हा मला वाटलं होतं, फसलो.

मग भात पिवळं पडलं, नवं धान्य कणसरीला, धान्याच्या देवीला, दाखवलं आणि तारपा खाली आला. थंडीत इथंही मेण ताठ होतं, पण चूल दोन हातांवर असते. मामा तारपा शेकवायचे आणि तेवढ्यात बोलून घ्यायचे. संध्याकाळी नाचाचा गोल धरला की कळायचं की चाल मी ठरवत नाही. घोळकाठी (ठेका धरायची काठी) आपटणाऱ्याचे आणि नाचणाऱ्यांचे पाय ती ओढून नेतात, मी फक्त त्यांच्या मागं फुंकतो. स्टुडिओत समोर पायच नव्हते. मी लावलेल्या वेलाचा भोपळा सुकला तेव्हा त्याचाच तारपा बांधला. आज वाजवतो तो हाच.

सगळ्यांनी पाडाच धरावा असं म्हणत नाही. गाणारे असाल, ढोल वाजवत असाल, तर एसीनं फारसं बिघडणार नाही, स्टुडिओत खुशाल जा. वेगवेगळ्या आदिवासी वादकांसोबत बसायची ओढ असेल तर जमशेदपूरच्या ‘संवाद’ या आदिवासी मेळाव्याकडे लक्ष ठेवा. तो दर वर्षी १५ नोव्हेंबरला, बिरसा मुंडा जयंतीला सुरू होतो. पण तारपा वाजवायचा असेल आणि एकच निवडायचं असेल, तर मी पुन्हा मामांच्याच ओट्यावर जाऊन बसेन. सहाच महिने मिळणार असतील तर भादव्यात सुरुवात करा, म्हणजे वाजवायचा सगळा हंगाम हाती लागेल. वर्ष मिळणार असेल तर पावसाआधी जा, भोपळा लावायला.

आणि तरी स्टुडिओत गेलातच, तर मेणाचा गोळा जास्तीचा घ्या, आणि एसीचा रिमोट कुणाकडे असतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.